दोन डोळ्यांआडचे शेतकरी

‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाविषयी लिहिताना आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो : औंध संस्थानात कैद्यांची खुली वसाहत होती, तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. माझे लक्ष मात्र त्या वसाहतीतले जे चित्रपटात आले नाही, त्याकडे जाते.

१९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच वर्षी स्वतंत्रपूर उभे राहिले. कल्पना मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश इंजिनिअरची. (निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे पुढे इंग्रजीत नेणारे ते हेच.) जागा निवडली ती माणदेशात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. इथे जमीन मिळणे म्हणजे बक्षीस नव्हे. पाऊस एकदा हुकला की वर्ष हातचे जाते. विहीर, बैल आणि घरातली माणसे यांच्या जोरावरच रान कसायचे. म्हणूनच कैद्याला बायकामुलांसह राहू देणे ही मला या प्रयोगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ती निव्वळ दया नव्हती. कोरडवाहू शेती एकट्या पुरुषाच्याने होत नाही, आणि ज्याची चूल शेताच्या बांधाला आहे तो सहसा पळून जात नाही.

चित्रपटाने नेमके इथेच वेगळे वळण घेतले. सहा खुनी पुरुष आणि त्यांचा जेलर आदिनाथ, एवढ्यांभोवती सारी कथा फिरते; कुणाचे घरचे माणूस आलेच तर पाहुण्यासारखे. कैद्यांना धरून ठेवते ती आदिनाथची नजर, आणि त्याच्या मृत्यूनंतरही तीच त्यांच्यावर पहारा करते. पडद्यावर हे प्रभावी दिसते, यात वाद नाही. पण त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय पाहणाऱ्याच्या पदरात पडते आणि नांगरणारा शिष्य होऊन राहतो. पाऊससुद्धा हवा तेव्हा, गाण्यासकट येतो.

शेटफळ्यात जन्मलेल्या, औंधात शिकलेल्या गदिमांना माणदेशचा पाऊस ठाऊक नव्हता, असे कोण म्हणेल? त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांच्या ‘बनगरवाडी’तही (१९५५) हाच मुलूख आहे. तिथे वाडी एकदिलाने तालीम बांधते, राजा स्वतः येतो, आणि तरीही दुष्काळ वाडी रिकामी करतो. सद्भावनेपुढे आभाळ नमत नाही, हे कादंबरीने मान्य केले आहे. चित्रपटाला ते परवडले नाही.

एका ठिकाणी मात्र चित्रपट स्वतंत्रपूरच्या सर्वांत जवळ जातो : बाजारात. कैदी स्वतः पिकवलेली भाजी रास्त भावात विकायला बसतात आणि व्यापाऱ्यांचे पित्त खवळते. तिथे त्यांच्यापुढचा प्रश्न पापाचा नसून भावाचा असतो. कुठल्याही शेतकऱ्याला पडतो तोच. मला वाटते, संपूर्ण चित्रपटात ते सहाजण तेवढ्या वेळापुरतेच कैदी राहत नाहीत.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. चित्रपटाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. स्वतंत्रपूर तुरुंग खात्याच्या ताब्यात आजही चालू आहे, आणि तिथले कैदी बायकामुलांसह शेती करतात.