तळहातावरची बाई

अठराव्या शतकातली फ्रेंच लघुचित्रं आपण बघतो ती पुस्तकात, पानभर मोठी करून छापलेली. पहिली फसगत तिथंच होते. मूळ चित्र तळहातात मावेल एवढंच असतं. डबीच्या झाकणात, लॉकेटात, नाहीतर हातातल्या कड्यात बसवायचं. जवळच्या माणसानं काढून बघायचं आणि परत ठेवून द्यायचं.

काम मात्र फार नाजूक. हस्तिदंताचा पातळ काप, त्यावर पाण्यात कालवलेले रंग. गालावर, गळ्यावर रंग इतका विरळ की खालचा हस्तिदंतच त्वचेसारखा उजळतो. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या बाईनं ही रीत रुळवली. १७२० मध्ये ती पॅरिसलाही आली होती. पुढे तिथं पीटर आडोल्फ हाल या स्वीडिश चित्रकारानं यात मोठं नाव कमावलं. ही झळाळी हत्तीच्या दातांची आहे हे आठवलं, की जैन घरात वाढलेली मी कौतुक करता करता थबकते. पण कसब नाकारता येत नाही.

उमराव घराण्यांतल्या बायका तेव्हा हौसेनं हार्प शिकत. राणी मारी आंत्वानेतही वाजवायची. चित्रकारालाही ते सोयीचं. वाद्य खांद्याला टेकवलं की दंड, मनगट, बोटं सगळं छान दिसतं. माझी तक्रार इथंच आहे. बोटं तारांवर असतात, पण नजर पुष्कळदा आपल्याकडे. वाजवण्यात बुडालेलं माणूस असं बघतं का हो? वाद्य दागिन्यासारखं घातलेलं असतं.

याच काळातली एलेन द मोंजरू बघा. जन्म १७६४ चा. मार्क्विसची बायको, पियानोवर विलक्षण हात. पण उमराव घरच्या बाईनं तिकीट लावून वाजवणं कमीपणाचं, म्हणून दिवाणखान्यातच वाजवायची. राज्यक्रांतीत नवरा गेला, सगळं उलटंपालटं झालं. १७९५ मध्ये पॅरिसला नवं संगीत विद्यालय निघालं, तिथं ती मुलांच्या पियानो वर्गाची प्राध्यापक झाली. १७९८ मध्ये तिनं ते सोडलं. मागे ठेवला तो पियानो शिकवण्याचा जाडजूड ग्रंथ, त्यात ११४ एट्यूड. आजही ते उघडून वाजवता येतात. तिची बोटं कुठं जायची, कुठं थांबायची, हे त्या पानांतून कळतं. हस्तिदंतावरची कितीही सुरेख बाई ते सांगू शकत नाही.

हे फक्त फ्रान्सचंच नाही. माझ्या आईचा गळा गोड होता. मंदिरात स्तवन म्हणताना सगळे तिच्या सुरात सूर मिळवायचे. मंदिराबाहेर गाणं मात्र घरात चालत नव्हतं. तिचा एक फोटो आहे, काठापदराच्या साडीतला, फार सुंदर. नातवंडं तो हातात घेऊन म्हणतात, "आजी किती छान दिसायची!"

ती गायची, हे त्यांना मला सांगावं लागतं.