आहार्य आणि अभाव : शालेय नाटकातील वेशभूषा

मराठी बालरंगभूमीचा इतिहास सामान्यतः १९५९ पासून, म्हणजे सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले तेथपासून सांगितला जातो. त्याआधीचे स्नेहसंमेलनातील नाटक पूर्वपीठिकेत येते आणि तेथेच संपते. प्र. के. अत्रे यांच्या ‘गुरुदक्षिणा’सारख्या संहितेचा उल्लेख होतो, पण प्रयोग, विशेषतः वेशभूषा, विचारात घेतली जात नाही. ही उपेक्षा केवळ तपशिलाची नाही. रंगमंचावर कोणत्या मुलाने कोण व्हावे, हा प्रश्न या नाटकांत पुष्कळदा वेशभूषेनेच सोडवला.

भरताने सांगितलेल्या आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी आहार्य हा बाहेरून आणलेला. शालेय नाटकात मात्र त्याला अग्रस्थान मिळते. संवाद पाठ केलेले, हालचाली शिक्षकांनी बसवलेल्या. मुलाचा राजा होतो तो पुठ्ठ्याच्या मुकुटाने, बेगडीने आणि काजळाच्या मिशीने. प्राग संप्रदायातील बोगातिरेव याने रंगभूमीवरील वेशाला ‘चिन्हाचे चिन्ह’ मानले आहे. शालेय नाटकात हे चिन्हीकरण अपुरे राहते. राणीच्या अंगावरचा शालू कोणाच्या घरचा, हे प्रेक्षकांतल्या आयांना ठाऊक असते. तो राणीपदाचा निर्देश करतो, तसाच मालकीचाही. वेशभूषा ज्याची त्याने आणावी, हा शाळांतला रूढ संकेत म्हणूनच निरुपद्रवी नव्हे. ज्या घरी शालू नाही, त्या घरची मुलगी दासी होते किंवा समूहगीतात उभी राहते. भूमिकांची वाटणी अशा रीतीने समाजरचनेची पुनरावृत्ती करते.

१९५९ नंतरच्या बालनाट्याने हा पेच सोडवला की बाजूला सारला? वेशभूषा संस्थेची झाली, तिला व्यावसायिक सफाई आली, राक्षस आणि चेटकीण यांना स्वतंत्र रूप मिळाले. पण त्याचबरोबर बहुसंख्य मुले प्रेक्षक झाली. शालेय नाटकात विषम रीतीने का होईना, मूल कर्ता होते. नव्या बालनाट्यात ते प्रामुख्याने ग्राहक झाले.

या दृष्टीने ठाण्यातील एक घटना महत्त्वाची ठरते. ‘मधुमंजिरी’च्या याच लेखकाने उत्तरायुष्यात, एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडली. वस्तीतील मुलांनी आपलेच जगणे नाट्यरूपात सादर करावे, हे तिचे सूत्र. येथे मूल पुन्हा कर्ता होते आणि शालूची अट गळून पडते. रोजचा वेशच अर्थपूर्ण होतो.

मात्र हा उपाय निखळ मुक्तीचा मानता येत नाही. वंचित मुलाने सदैव आपलेच जगणे मांडावे, ही अपेक्षा दृढ झाली तर त्याला स्वतःहून वेगळे होण्याचा अधिकार पुन्हा नाकारला जाईल. सोंग घेणे हा बालपणाचा हक्क आहे; तो काही घरांपुरता राखीव राहिला, हा शालेय नाटकाचा दोष. त्यावर उतारा शोधताना मुकुटाचाच त्याग करणे पुरेसे नाही. पुठ्ठ्याचा मुकुट कोणाच्याही डोक्यावर बसू शकतो, ही त्याची खरी शक्यता असून बालरंगभूमीच्या समीक्षेने तिचाच शोध घ्यायला हवा.