तगून राहण्याच्या कथा आणि मानखुर्दची गल्ली

संकटात सापडलेला माणूस कसा तगून राहतो, हे सांगणाऱ्या कथांची जगाच्या साहित्यात मोठी परंपरा आहे. बुडालेले जहाज, निर्जन बेट, बर्फ, वाळवंट, दुष्काळ आणि त्यात एकट्या पडलेल्या नायकाची जिद्द, असा या कथांचा साधारण साचा असतो. या कथा वाचून वाचक संकटाला तोंड द्यायला शिकतो, असे नेहमी म्हटले जाते आणि त्याच समजुतीने ही पुस्तके मुलांच्या हाती दिली जातात. हा समज कितपत खरा आहे, हे आम्हांला येथे तपासायचे आहे. त्यासाठी कसोटी म्हणून आम्ही दूरच्या बेटाऐवजी आपले मानखुर्द घेतले आहे.

मानखुर्द घेण्याचे कारण उघड आहे. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला देवनारची कचराभूमी, जवळच माहुल-चेंबूरचे तेलशुद्धीकरण कारखाने, अशा टापूत ही वस्ती आहे. मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक सर्वांत तळाला लागला, त्यातच हा भाग येतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जिवाच्या भीतीने घर सोडलेली कित्येक मुस्लिम कुटुंबे गोवंडी-शिवाजीनगरच्या या पट्ट्यात आली. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत उठवलेली माणसे लल्लुभाई कंपाउंडच्या इमारतींत आली. २००४-०५ च्या हिवाळ्यात मंडाळ्याच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला. तो धुरळा बसतो न बसतो तोच २६ जुलै २००५ चा पाऊस आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला आणि कित्येक दिवस धूर घराघरांत भरून राहिला. २०२० मध्ये कोरोना आला. तगून राहण्याची कथा खरोखर काही शिकवीत असेल, तर ती येथील वाचकाला उपयोगी पडली पाहिजे.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे डॅनियल डिफोचे १७१९ चे ‘रॉबिन्सन क्रूसो’. त्याच्याही साडेपाच शतके आधी अंदलुसमध्ये इब्न तुफैल या हकीम-तत्त्वज्ञाने ‘हय्य इब्न यक्झान’ लिहिले, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवी. हरणीने वाढवलेला हय्य निरीक्षणातून शिकत जातो. हरणी मरते तेव्हा तिच्या मरणाचे कारण शोधायला तो तिचे शरीर उघडून पाहतो. विस्तवाचे गुण तो पारखतो. पाकोळ्यांची घरटी पाहून उरलेले अन्न ठेवायला तो कोठार बांधतो आणि त्याला वेताचे दार लावतो. या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद १६७१ मध्ये आणि अरबीवरून थेट इंग्रजी अनुवाद १७०८ मध्ये निघाला. डिफोवर त्याची छाया पडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

दोन्ही पुस्तकांत पूर्वतयारीचे धडे आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. क्रूसोचा एक प्रसंग तर आजही घ्यावा असा आहे. वीज कडाडते तेव्हा त्याच्या मनात येते की सगळी दारू एका जागी आहे, ठिणगी पडली तर एका क्षणात सगळे जाईल. मग तो तिच्या शंभरेक पुड्या करून त्या वेगवेगळ्या ठिकाणी लपवतो. सारा साठा एका जागी ठेवू नये, हा धडा गल्लीतल्या कोणत्याही घराला लागू आहे.

पण येथेच या कथेची मर्यादाही दिसू लागते. क्रूसो जहाजावरून हत्यारे, भाकरी, तांदूळ, दोर, शिडे असे सारे तराफ्यावर लादून आणतो. मानखुर्दच्या घरात पाणी शिरते तेव्हा बाई आधी काय उचलते? रेशनकार्ड, लाइट बिल, फोटोपास, मुलांचे जन्मदाखले. २००४-०५ च्या त्या तोडमोहिमेत प्रश्न एकच विचारला जात होता, १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा आहे का? पुढे ही तारीख १ जानेवारी २००० वर आली, पण प्रश्न राहिलाच. कागद भिजला तर पूर ओसरल्यावर घरही जाते. क्रूसोला आपण या बेटावर कधीपासून राहतो, हे कुणाला सिद्ध करावे लागत नाही. तो स्वतःला बेटाचा राजा म्हणवतो आणि त्याला हरकत घेणारे कोणी नसते. गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला निघालेल्या सफरीत त्याचे जहाज फुटले होते, हेही वाचताना विसरू नये. ज्याची मालकी गृहीत धरलेली आहे अशा माणसाची ही तगून राहण्याची कथा आहे. ज्याचे राहणेच संशयित ठरवले जाते, त्याच्या कथेला सुरुवात वेगळ्या जागेवरून करावी लागेल.

दुसरी उणीव शेजाराची आहे. हय्य माणसांच्या वस्तीत जातो, त्यांना आपले ज्ञान सांगू पाहतो, ते जमत नाही म्हणून तो बेटावर परततो. क्रूसोच्या बेटावर बाई नाही, मूल नाही, दम्याचा म्हातारा नाही. संकटकाळातली अर्धी मेहनत याच माणसांना हलवण्यात जाते. गल्लीत कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाचा माळा पक्का आहे, हे नळावर आणि दारात बसणाऱ्या बायकांना ठाऊक असते. त्या माहितीला या कथांत जागाच नाही.

आपल्या मराठी कथेने ही उणीव भरून काढली आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) नायक एकटा तगून राहत नाही. उपाशी वस्ती जगावी म्हणून तो धान्य आणि खजिना लुटतो आणि अखेर आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःला स्वाधीन करतो. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिलेल्या या लेखकाच्या नावाची वस्ती आज मानखुर्दमध्ये आहे, हे योग्यच आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ सबंध गावाला उठवतो. भूक आणि विस्थापन यांचा अनुभव सामूहिक असतो, हे मराठी कादंबरीने ठसठशीतपणे दाखवले. मुस्लिम मराठी लेखकांनी दंगलीवर जे लिहिले, तेही याच जातीचे आहे. त्यात साक्ष आहे, आरोप आहे आणि तो आवश्यकच होता.

मात्र आमच्या मते या साऱ्या लेखनाचा जोर सोसण्यावर आहे. वाचक हळहळतो, चिडतो, पुस्तक मिटतो. पुढच्या वेळी पाणी चढू लागले तर काय करायचे, ते त्याच्या हाती लागत नाही. हे साहित्याचे काम नव्हे, ते सरकारी पत्रकाचे काम, असे कोणी म्हणेल. या आक्षेपाला उत्तर देणारे एक बेट आहे आणि ते कादंबरीतले नाही.

इंडोनेशियातील आचेच्या किनाऱ्याजवळ सिमेउलुए नावाचे मुस्लिम वस्तीचे बेट आहे. १९०७ मध्ये तेथे भूकंपानंतर समुद्र आत घुसला आणि फार माणसे मेली. तेव्हापासून बेटावरच्या आज्या-आजोबांनी ‘स्मोंग’ ही गोष्ट नातवंडांना सांगायला सुरुवात केली, अंगाईतून आणि गाण्यांतून. गोष्टीचा गाभा एवढाच, की जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला, तर वस्तूंच्या मागे लागू नका, सर्वांना हाका मारा आणि टेकडीकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला याच बेटाजवळ महाभूकंप झाला. उत्तर भागात लाटा यायला दहा मिनिटेही लागली नाहीत. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर ७ माणसे गेली. समोरच्या आचेत मृतांचा आकडा दीड लाखाच्या वर होता. बेटावर भोंगा नव्हता, पत्रक नव्हते. गोष्ट मात्र घराघरांत होती.

स्मोंगमध्ये तीन गोष्टी आहेत: संकटाची खूण, करायची कृती आणि सोबत कोणाला न्यायचे ते. कोणत्याही तगून राहण्याच्या कथेला आम्ही आता हेच तीन प्रश्न विचारू. क्रूसोत खूण आणि कृती सापडते, सोबत सापडत नाही. ‘फकिरा’त सोबत आहे, कृती आहे, पण ती संकट कोसळल्यानंतरची आहे.

या कसोटीवर आपल्या घरातल्या कथा लावून पाहाव्यात. हजरत युसुफ (अ.) यांच्या किश्श्यात स्वप्नाची खूण वाचली जाते, सात वर्षे पिकवायचे आणि सात वर्षांच्या दुष्काळासाठी राखायचे असा हिशेब होतो. धान्य कणसातच राहू द्यावे, ही बारीक सूचनाही त्यात आहे. मळणी न केलेले धान्य अधिक टिकते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ते कोठार सर्वांसाठी आहे. दुष्काळ पडतो तेव्हा परमुलखातून आलेल्यांनाही धान्य मिळते, ज्यांनी युसुफना विहिरीत टाकले त्या भावांनाही मिळते. आणि हजरत हाजरा यांचा किस्सा? ओसाड खोऱ्यात तान्ह्या बाळासह राहिलेली ती माता अल्लाहवर भरवसा ठेवते आणि तरी बसून राहत नाही, पाण्यासाठी सफा-मरवाच्या मध्ये सात वेळा धावते. झमझमपाशी जुरहुम कबिल्याचे लोक उतरण्याची परवानगी मागतात, ती देते, पण पाण्यावरचा हक्क सोडत नाही. एका बाईच्या पाणी शोधण्याची ही कथा हजला जाणारा प्रत्येक जण आजही आपल्या पायांनी पुन्हा चालतो. मानखुर्दमध्ये कॅन आणि हंडे घेऊन पाण्यामागे फिरणाऱ्या बाईला हे धावणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या मोहल्ल्यांतून संकटाविषयी बोलताना ‘जे लिहिले असेल ते होईल’ असे म्हणून विषय संपवला जातो. हा तवक्कुल नव्हे. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, या अर्थाची पैगंबरांची (स.) शिकवण आपल्याला तोंडपाठ असते. वस्तीत उंट बांधायचा म्हणजे काय, हे सांगणारी गोष्ट मात्र आपल्याकडे लिहिली जात नाही.

अशी गोष्ट लिहायला साहित्य भरपूर आहे. जोराचा पाऊस आणि भरतीची वेळ एकत्र आली की नाल्याचे पाणी खाडीत जायचे थांबते आणि उलटे गल्लीत येते, ही येथली खूण. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी मेन स्विच बंद करायचा, सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकायचे, त्यांचे फोटो फोनमध्ये आणि गावाकडच्या नातलगाकडेही ठेवायचे, ही कृती. क्रूसोच्या पुड्या येथे अशा कामी येतात. कोणत्या घरातली म्हातारी कोणाच्या माळ्यावर जाणार, मशीद किंवा मदरशाचा वरचा मजला कोणासाठी उघडणार, महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन कोण करणार, हे आधी ठरवणे, ही सोबत. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप यायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हेही त्यात यावे, कारण २००५ च्या ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसने पाणी ओसरल्यावर माणसे नेली.

खोट्या खुणेचीही कथा हवी. २८ जुलै २००५ ला जुहूच्या नेहरूनगरात लाट येते आहे, धरण फुटले आहे, अशी अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत १८ जण मेले. सिमेउलुएच्या लोकांना पळायचे केव्हा ते ठाऊक होते, म्हणून पळायचे केव्हा नाही हेही ठाऊक होते. आपल्याकडे ती गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कथेतून तयारी शिकवण्याच्या नावाखाली सारा भार रहिवाशावर टाकला जाण्याचा धोका आहे. नाला साफ करणे, पाणी देणे, कचऱ्याचा डोंगर हटवणे ही शासनाची आणि महापालिकेची जबाबदारी आहे, ती गल्लीतल्या बाईच्या प्लास्टिकच्या पिशवीने संपत नाही. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या वाढवण्याची ब्रिमस्टोवॅड योजना १९९३ पासून कागदावर होती आणि २००५ चा पूर त्यानंतर बारा वर्षांनी आला. युसुफच्या किश्श्यातले कोठार राज्याने बांधले होते, हे विसरून चालणार नाही. म्हणून मानखुर्दच्या कथेत माळ्याइतकेच कोठारही आले पाहिजे, मागणी म्हणून, हक्क म्हणून. मंडाळ्याच्या तोडमोहिमेनंतर उभ्या राहिलेल्या ‘घर बचाओ घर बनाओ’ आंदोलनाने ती भाषा वस्तीला दिलीच आहे.

मुस्लिम मराठी साहित्याने आपल्या माणसाचे दुःख मराठीत आणले, हे त्याचे मोठे काम झाले. आता या माणसाचे शहाणपणही मराठीत यायला हवे. नव्या लेखकांनी आणि विशेषतः लेखिकांनी त्यासाठी बेट शोधत जाऊ नये. आपल्या गल्लीतल्या ज्या बायकांनी २००५ ची रात्र माळ्यावर काढली, त्यांच्यापाशी बसावे, त्यांना खूण कधी कळली, आधी काय उचलले, कोणाला हाक मारली, हे विचारावे आणि ते अशा रीतीने लिहावे की आठ वर्षांच्या पोरीला एकदा ऐकून पाठ होईल. पुढच्या पावसाळ्याच्या आत अशा चार-दोन गोष्टी लिहून झाल्या, तर या प्रकारच्या साहित्याने काही शिकवले असे आम्ही म्हणू.