ओळखीचा घोळ आणि बर्लिनचे गाणारे बोलपट

जुना जर्मन सिनेमा म्हटलं की ‘मेट्रोपोलिस’ आठवतो, लांबलचक सावल्या आणि भेदरलेले चेहरे आठवतात. ‘मेट्रोपोलिस’ काढणाऱ्या उफा कंपनीनेच 1930 नंतरच्या तीन-चार वर्षांत काढलेले संगीत विनोदपट मात्र निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारले जातात. हा अन्याय आहे. बोलपटाच्या सुरुवातीला नट मायक्रोफोनपुढे खिळून उभे राहायचे. तेव्हा गाण्याला आणि कॅमेऱ्याला मोकळं फिरू देणाऱ्यांत हे विनोदपट करणारी मंडळी आघाडीवर होती.

एरिक शारेलच्या ‘देअर कोंग्रेस टान्झ्ट’मध्ये (1931) रशियाचा झार व्हिएन्नाच्या परिषदेत आपल्या जागी तोतया बसवतो आणि स्वतः हातमोजे विकणाऱ्या क्रिस्टेलला भेटायला निघतो. झार आणि तोतया, दोन्ही विली फ्रिट्शच. क्रिस्टेल झालेली लिलियन हार्वी घोडागाडीत उभी राहून गाते, कॅमेरा गाडीबरोबर धावतो आणि रस्त्यातली माणसं तीच चाल उचलतात. वेर्नर रिचर्ड हायमानचं संगीत इथे कथेत पेरलेलं नाही, कथाच त्यावर चालते.

त्याहून मला प्रिय आहे तो लुडविग बेर्गरचा ‘इश बाय टाग उंड डू बाय नाख्ट’ (1932). रात्रपाळीचा वेटर आणि दिवसा काम करणारी मॅनिक्युरिस्ट एकच खोली, एकच पलंग भाड्याने वापरतात. तो दिवसा झोपतो, ती रात्री. न पाहिलेल्या त्या भाडेकरूचा दोघांनाही मनस्वी राग. आणि बाहेर भेटल्यावर पडतात ती एकमेकांच्याच प्रेमात! साठ लाख बेकारांच्या जर्मनीत हा योगायोग हवेतला वाटत नाही. घोळ घातलाय तो परवडणाऱ्या घरांच्या टंचाईने.

राइनहोल्ड शुन्त्सेलचा ‘व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया’ (1933) हा ओळखीच्या घोळाचा कळस. स्त्रीवेषात गाणाऱ्या नटाला सर्दी होते, म्हणून त्याच्या जागी सुझान उभी राहते: बाईने घेतलेलं पुरुषाचं सोंग आणि त्या पुरुषाने घेतलेलं बाईचं. अनेक संवाद यमकात, जवळजवळ तालावर बोललेले. तिच्यात गुंतलेल्या रॉबर्टला खरं काय ते आधीच कळतं, पण तो तिला सांगत नाही. दाढी करायला न्हाव्याकडे नेतो, दारूच्या अड्ड्यावर नेतो. सुझान झालेल्या रेनाटे म्युलरचा चेहरा तिथे पाहावा. पुरुषी ऐट सांभाळताना जीव मेटाकुटीला आलाय, तरी या मोकळेपणाची चटकही लागलीय. शेवट घाईत गुंडाळलाय, हे खरं. 1982मध्ये ब्लेक एडवर्ड्सने ही गोष्ट अधिक धीटपणे सांगितली, पण तो हलका हात त्याला साधला नाही.

हा हात ज्यांचा होता, त्यांनाच नाझींनी हुसकावलं. निर्माता एरिख पॉमर, हायमान, शारेल 1933मध्येच देश सोडून गेले. आई ज्यू असलेल्या शुन्त्सेलला खास परवानगीने काम मिळत राहिलं. 1937मध्ये तोही अमेरिकेला गेला. त्याच वर्षी म्युलर एकतिसाव्या वर्षी वारली आणि ‘देअर कोंग्रेस टान्झ्ट’वर बंदी आली. पुढेही उफाकडे फ्रिट्श होता, मारिका र्‍योक होती, भपकेबाज सेट होते, 1941मध्ये रंगही आला. पण त्या झगमगाटात पात्रांना लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि गाणी पुन्हा कथा थांबवून म्हटली जाऊ लागली.