‘जीपीएसने वेळ जुळवली’ : बरं, पण किती?

प्रकल्प अहवाल आणि पीएचडीचे प्रस्ताव वाचताना एक वाक्य मला वारंवार भेटतं : ‘दोन्ही उपकरणांची वेळ जीपीएसने जुळवली आहे.’ पुढे थेट पूर्णविराम. माझ्या पहिल्या प्रस्तावातही हे वाक्य होतं. गाईडनी समासात एकच शब्द लिहिला, ‘किती?’ आज त्या शब्दाबद्दल बोलू.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. समजा, बारामती ते इंदापूर अशी 45 किलोमीटरची उच्चदाब वाहिनी आहे आणि मध्ये कुठेतरी उसाच्या रानात फॉल्ट झाला. तिथून विजेची लाट दोन्ही टोकांकडे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे मायक्रोसेकंदाला सुमारे 300 मीटर, धावते. फॉल्ट बारामतीपासून 10 किलोमीटरवर असेल, तर लाट तिथे साधारण 33 मायक्रोसेकंदांत पोचेल आणि इंदापुरात 117 मायक्रोसेकंदांत. फरक 84 चा. या फरकाला वेगाने गुणा, ते 45 मधून वजा करा, निम्मं करा. फॉल्टची जागा मिळाली.

आता दोन घड्याळांत फक्त 1 मायक्रोसेकंदाची तफावत असेल तर? उत्तर 150 मीटरने चुकतं. लाइनमनला तेवढं चालता येईल. पण एका टोकाच्या रिसीव्हरचा सिग्नल मिनिटभर गेला आणि आतला साधा क्रिस्टल दशलक्षात एक इतका जरी पुढे-मागे धावत असला, तर 60 मायक्रोसेकंदांची चूक जमा होते. म्हणजे 9 किलोमीटर! माणसं भलत्याच गावात खांब तपासत बसतील आणि इकडे मोटारी बंद, पाणी बंद.

या अहवालांवर माझा पहिला आक्षेप हा, की सिग्नल गेल्यावर काय होतं याची चाचणीच त्यांत नसते. दुसरा आक्षेप, रिसीव्हर आणि मोजमाप यांच्यामधली वाट कुणी मोजत नाही. रिसीव्हर दर सेकंदाला एक पल्स देतो. अचूकता त्या पल्सच्या चढत्या कडेत असते. सीरियल पोर्टवरून येणारा वेळेचा मजकूर मात्र त्यानंतर बऱ्याच मिलिसेकंदांनी पोचतो. तो वाचून कोडमध्ये टाइमस्टॅम्प मारला, तर ‘जीपीएसची अचूकता’ म्हणायला तोंड उरत नाही. अँटेनाची केबलही मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंद खाते. या उदाहरणात ते किरकोळ आहे, पण किरकोळ आहे हे मोजून सांगायला हवं.

तिसरा आक्षेप जरा खोल आहे. उपग्रहाकडून आलेली वेळ बरोबरच असणार, हे आपण गृहीत धरतो. 26 जानेवारी 2016 रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना बऱ्याच उपग्रहांवर चुकीची दुरुस्ती चढली आणि त्यांच्यावरून काढलेली यूटीसी वेळ सुमारे 13.7 मायक्रोसेकंदांनी घसरली. आपल्या वाहिनीवर दोन्ही टोकांना हीच चूक सारखी आली असती, तर वजाबाकीत ती नाहीशी झाली असती. पण एकाच रिसीव्हरने चुकीची दुरुस्ती उचलली असती, तर उत्तर दोन किलोमीटरहून जास्त सरकलं असतं. म्हणून आधी ठरवा : तुमच्या प्रयोगाला जगाशी जुळणारी वेळ हवी, की फक्त दोन टोकांची आपसात जुळणारी? दोन्ही प्रश्न वेगळे, त्यांच्या चाचण्याही वेगळ्या.

मग करायचं काय? दोन्ही उपकरणं एका टेबलावर ठेवा, प्रत्येकाला स्वतःचा रिसीव्हर द्या आणि एकच पल्स समान लांबीच्या केबलने दोघांनाही द्या. दोघांनी नोंदवलेल्या वेळांतला फरक निदान 24 तास नोंदवा. मग एकाची अँटेना काढून घ्या आणि फरक कसा वाढतो ते बघा. या चाचणीला महागडं काही लागत नाही, फक्त दोन-तीन दिवस लागतात. उपकरणं बारामती-इंदापूरला नेऊन बसवल्यावर ही संधी सहज मिळत नाही.

तेवढं झालं, की वाक्य असं लिहिता येईल : ‘दोन्ही घड्याळांतली तफावत इतकी, सिग्नल गेल्यास मिनिटाला इतकी वाढते, त्यामुळे जागेतली चूक इतके मीटर.’ वाक्य लांबलं, हरकत नाही. व्हायव्हात ‘किती?’ आला, तर उत्तर तुमच्याकडे असेल.