खिडकी क्रमांक दोन

मी अधूनमधून नाटकांची परीक्षणं लिहितो. नाटक कसं लिहावं हे मला ठाऊक नाही, आणि परीक्षकाची हीच खरी पात्रता असते असं दोनतीन नाटककारांनी मला तोंडावर ऐकवलेलं आहे. तेव्हा कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसताना मी कॉम्प्युटरमधल्या एका रचनेचं परीक्षण करायला बसलो, तर त्यात वाचकांनी दचकण्यासारखं काही नाही.

निमित्त घडलं ते असं. हयातीचा दाखला द्यायला एका कचेरीत गेलो होतो. मी हयात आहे हे खिडकीपलीकडच्या बाईंना दिसत होतं, बहुधा पटलंही होतं. पण त्या म्हणाल्या, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मी वळलो. मागच्या खिडकीवर पासबुक भरून मिळत नव्हतं, पलीकडे चेक घेत नव्हते. कारण एकच. एक सर्व्हर पडला, आणि अख्खी कचेरी हात जोडून बसली.

घरी येऊन भाच्यासमोर चडफडलो. तो याच धंद्यातला.

"मामा, सर्व्हर म्हणजे नुसता सेवेकरी रे," तो म्हणाला. "मागेल त्याला मागेल ते काम करून देणारा प्रोग्रॅम. असा सेवेकरी तुझ्या घरच्या मशीनमध्येसुद्धा असू शकतो. आणि एक पडला की सगळ्यांनी पडायलाच पाहिजे, असं कोणी सांगितलं? पडू नये म्हणून काही लोकांनी जन्म घातलाय. नाटकांवर लिहितोस ना? मग यांच्यावर लिही. यांच्या तालमी कुठल्याही नाटकापेक्षा जास्त झाल्यात."

असं म्हणून त्याने कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे टाकला. त्या कृतीचं नाव 'हर्ड'.

या नाट्याचे सूत्रधार रिचर्ड स्टॉलमन. १९८० च्या सुमाराला ते अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या वेळी त्यांनी प्रोग्रॅममध्येच दुरुस्ती करून, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. मग झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मिळेना. ज्याच्यापाशी होता त्याने 'कोणाला देणार नाही असा शब्द दिलाय' म्हणून सांगितलं. आपण असतो तर कंपनीला चार शेलक्या शिव्या देऊन प्रिंटरला एक चापट मारली असती. या गृहस्थांनी अशाच अनुभवांतून १९८३ च्या सप्टेंबरात जाहीर केलं, की अख्खी कचेरीच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नव्याने बांधणार. आणि तिचा मजकूर कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, वाटावा. कागद अडकल्यावरून इतका मोठा रुसवा दुसरा माझ्या ऐकिवात नाही.

हत्यारं, अवजारं तयार झाली. राहिला तो कचेरीचा गाभा. १९९० साली त्याचं काम सुरू झालं, तेच हे हर्ड.

परीक्षणाची रीत अशी, की आधी नावावर दोन शब्द लिहावेत. हर्ड म्हणजे काय, तर 'युनिक्सची जागा घेणाऱ्या डीमनांचा हिर्ड'. बरं, हिर्ड म्हणजे काय? तर 'खोली दाखवणाऱ्या इंटरफेसांचा हर्ड'. (इथे खोली म्हणजे गहनता, भाड्याची नव्हे.) पत्ता विचारल्यावर 'देशपांड्यांच्या समोर' आणि देशपांडे कुठे राहतात विचारल्यावर 'आमच्या समोर' असं सांगणाऱ्यांपैकी ही मंडळी आहेत, हे मी पहिल्याच पानावर ओळखलं. पण पुढचं पान उलटलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

नेहमीच्या कचेरीत एक सर्वाधिकारी हेडक्लार्क असतो. फायली त्याच्याकडे, तिजोरी त्याच्याकडे, टपाल त्याच्याकडे. काम झपाट्याने होतं, पण तो भोवळ येऊन पडला की कचेरीला कुलूप. हर्डवाल्यांनी हा हेडक्लार्कच काढून टाकला. त्याच्या जागी 'माख' नावाचा, कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेला एक छोटा गाभा ठेवला, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे इकडची चिठ्ठी तिकडे नेणं. बाकी प्रत्येक कामाला वेगळं टेबल, वेगळा सेवेकरी.

बाहेरच्या जगाशी, म्हणजे नेटवर्कशी, बोलणाऱ्या सेवेकऱ्याचं नाव 'पीएफआयनेट'. 'पीएफ' वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. पण तो आपला प्रॉव्हिडंट फंड नव्हे, 'प्रोटोकॉल फॅमिली'. हा सेवेकरी बसतो सर्व्हर्स खात्यात, सॉकेट विभागात, खिडकी क्रमांक २ वर. एक नंबरची खिडकी मशीनमधल्या आपापसांतल्या बोलण्याची. दोन नंबरची इंटरनेटची. आणि इंटरनेटच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी एकदम २६ नंबर. मधल्या काही खिडक्या कुठे गेल्या हे विचारायचं नाही, इतपत कचेरीचा अनुभव मला आहे.

गंमत पुढेच आहे. दोन नंबरचा सेवेकरी पडला, तर बाकीची टेबलं चालू राहावीत आणि त्याच खिडकीवर दुसरा बसवता यावा, अशी ही मांडणी. इतकंच नव्हे, तुम्हाला तो पसंत नसेल तर तुमच्यापुरता वेगळा सेवेकरी तुम्ही ठेवू शकता. मुख्य अधिकाऱ्याची सही लागत नाही आणि शेजारच्याला त्रास होत नाही. रचनाकार टॉमस बुशनेल यांच्या निबंधाचा गाभा हाच, की जे अधिकार एरवी मशीनच्या व्यवस्थापकाकडे असतात, त्यांतले शक्य तेवढे साध्या वापरणाऱ्याच्या हाती द्यायचे. भाडेकरूने घरमालकाला न विचारता आपल्या मोरीतला नळ बदलावा, आणि मालकाने 'हक्क आहे त्याचा' म्हणावं, असं हे घर. मी अशा घरात कधी राहिलेलो नाही.

आता दोष. परीक्षकाने ते झाकले तर तो परीक्षक कसला, सासरा झाला.

पहिला दोष मुहूर्ताचा. माख मोकळा होणार असं आश्वासन होतं, म्हणून ही मंडळी वाट बघत थांबली. दुसरा दोष खुद्द स्टॉलमननीच कबूल केला आहे. वेगवेगळे सेवेकरी केले की चूक शोधणं सोपं जाईल, हे ही रचना निवडण्याचं एक कारण होतं. प्रत्यक्षात सगळे एकमेकांना एकाच वेळी चिठ्ठ्या पाठवायला लागल्यावर, घोळ नेमका कुठे झाला हे शोधणंच अतिशय अवघड होऊन बसलं. एकत्र कुटुंबात भांडणं होतात म्हणून चार चुली मांडाव्यात, आणि मग चारही चुलींवरून निरोपांची भांडणं सुरू व्हावीत, तसं.

दरम्यान १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हेडक्लार्क पद्धतीचा एक गाभा लिहून जाहीर केला. तो लिनक्स. १९९२ च्या जानेवारीत टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी त्याला जाहीरपणे सांगितलं, की ही जुनाट रचना आहे. माझा विद्यार्थी असतास तर फारसे गुण मिळाले नसते. गुण मिळाले नाहीत, जग मिळालं.

आणि तिसरा दोष तर नाटकातल्या शेवटच्या प्रवेशासारखा. खिडकी क्रमांक २ वरच्या त्या सेवेकऱ्याचा पोशाख उतरवून पाहिलं, तर आतलं नेटवर्कचं काम करणारा बराचसा मजकूर लिनक्समधून आणलेला! ज्याची रचना नाकारली, त्याच्याच घरचं विरजण.

इथे मी मोठ्याने हसलो. भाचा हसला नाही.

"मामा, लिनक्सचा परवाना कोणाचा आहे माहितीये? स्टॉलमनचाच. ज्याला हवं त्याने घ्यावं आणि पुढे द्यावं, असं त्यातच लिहिलंय. हे विरजण फिरण्यासाठीच लावलं होतं."

मी हसू आवरलं. पुढची नोंद वाचली आणि उरलंसुरलंही गेलं. लहान लहान यंत्रांसाठी स्वीडनमध्ये लिहिलेला 'एलडब्ल्यूआयपी' नावाचा नेटवर्कचा एक आटोपशीर संच आहे. पुढच्या पिढीतल्या एकाने तो घेऊन हर्डसाठी दुसरा सेवेकरी तयार केला आणि तो त्याच खिडकीवर बसवता येतो. खिडकी तीच, सेवेकरी नवा, गाभ्याला हात लावायची गरज नाही. म्हणजे कागदावर जे म्हटलं होतं, ते खोटं नव्हतं. उशिरा आलं, इतकंच.

उशीर मात्र खरा. २०१६ च्या डिसेंबरात जी आवृत्ती आली, तिचा क्रमांक ०.९. सव्वीस वर्षांत पुरता एकसुद्धा नाही. सुरुवातीला कामाला पगारी माणसं होती. पुढे बहुतेक सगळं स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर. रात्री जेवणं उरकल्यावर कोणी एक दुसऱ्याची चूक शोधत बसतो, आणि तरी २०२५ साली डेबियनच्या मंडळींनी हर्डवर चालणारी नवी आवृत्ती काढली. ना मानधन, ना टाळ्या, प्रेक्षागारात मोजकी माणसं. अशा प्रयोगाला मी आजवर 'पडलेलं नाटक' म्हणत आलो. आता तो शब्द जरा जपून वापरीन म्हणतो. जे सगळीकडे चाललं ते वेगाने चाललं, हे खरं. पण आपल्या खिडकीवर कोण बसावं हे आपण ठरवू शकतो, एवढं कोणीतरी करून दाखवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीत गेलो. सर्व्हर उठलेला होता. बाईंनी अंगठा घेतला आणि मी हयात झालो.

"काल एकट्या सर्व्हरसाठी सगळं का बंद ठेवलंत?" मी विचारलं. "दुसरा बसवता येत नाही का?"

"ते आमच्या हातात नसतं हो, काका," त्या म्हणाल्या.

स्टॉलमनसाहेबांनाही तेव्हा हेच उत्तर मिळालं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. मी छत्री उचलली आणि घरी आलो.