पत्र लिहायचं, पण कुणाला?

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पत्र येतं. गंगाखेडचा मुलगाही ते लिहितो. वाचणार कोण? पेपर तपासणारे सर. म्हणून गाईडमधलं पाठ करून उतरवतो.

२००० पासून आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी स्वतःचं वाक्य जुळवताना दम लागतो. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचं मेरिल स्वेन यांनी १९८५ साली असंच काहीसं मांडलं: ऐकलेलं चांगलं समजतं, पण बोलता-लिहिताना व्याकरण कच्चं. पुढं त्या म्हणाल्या, सांगायचंय पण शब्द नाही, हे स्वतःला जाणवलं की शिकणं सरकतं.

आता बघा. स्टेशनवर एक तेलुगू प्रवासी उतरलाय. गोदावरीच्या घाटावर कसं जायचं, ते त्याला इंग्रजीत लिहून द्या. ‘पायऱ्या निसरड्या आहेत, जपून उतरा’ हे गाईडात नाही. मुलगा अडतो. अडायलाच हवा!

जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली लिहिलं, की लेखनातल्या व्याकरणाच्या चुका सुधारून देणं सोडा, फायदा नाही. मला हे टोकाचं वाटतं. डॅना फेरिस यांनीही १९९९ मध्ये हा निष्कर्ष घाईचा ठरवला. पण आपला प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. पाठ केलेल्या पत्रात मुलाची स्वतःची चूकच नसते, मग लाल पेन चालवायचा कशावर?

एवढ्या वह्या तपासायला सरांना वेळ नाही, कबूल. मग शेजारच्याला ते वाचून नकाशा काढायला सांगा. नकाशा चुकला, की कुठलं वाक्य फसलं ते दोघांनाही दिसतं.